डीबगरला सोर्स कोडची ओळ कशी सापडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड भागात सी आणि सी++ मध्ये काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे असोत, की साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं किंवा हळदीच्या सौद्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारे असोत, "ब्रेकपॉइंट लागतो, पण कोड दिसत नाही" ही तक्रार सगळ्यांची सारखीच असते. (डीबगर म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघू देणारं साधन, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे तो जिथे थांबवायचा ती खूण.) मुख्य भर लिनक्सवरच्या जीडीबी या डीबगरवर आहे, बाकीच्या साधनांचं शेवटी थोडक्यात. कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: ऊस वजनकाट्याचा प्रोग्राम, नाव "काटा". त्यात काटा.सी ही फाइल इंडिकेटरकडून सीरियल पोर्टवर येणारं वजन वाचते आणि पावती.सी भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून निव्वळ वजन काढते. प्रोग्राम सांगलीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर /होम/बिल्ड/काटा या डिरेक्टरीत बिल्ड होतो आणि चालतो कारखान्याच्या गेटवरच्या कॉम्प्युटरवर.

एक्झिक्युटेबल फाइलमध्ये माझा सोर्स कोड असतो का?

नाही. -जी (डीबगच्या नोंदी ठेवण्याचा पर्याय) देऊन कंपाइल केलं तरी नसतो. एक्झिक्युटेबलमध्ये फक्त नोंदी असतात: मशीन कोडचा अमुक पत्ता अमुक फाइलच्या अमुक ओळीचा आहे. सातबाऱ्यावर शेत नसतं, शेताचा गट नंबर असतो, तसंच हे. स्क्रीनवर दिसणारी ओळ डीबगर त्या क्षणी डिस्कवरच्या .सी फाइलमधून वाचून दाखवत असतो. ही फाइल हलली, बदलली किंवा त्या मशीनवर नसलीच, तर नोंद कितीही अचूक असली तरी दाखवायला काही उरत नाही. खालचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात.

क्लँग या कंपाइलरमध्ये -जीएम्बेड-सोर्स नावाचा पर्याय आहे, तो सोर्सचा मजकूरसुद्धा आत भरतो. पण तो मुद्दाम द्यावा लागतो.

मग पत्त्यावरून ओळ नेमकी कशी काढली जाते?

लिनक्सवर या नोंदी ड्वार्फ नावाच्या प्रमाणित स्वरूपात असतात. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ साली आली आणि जीसीसी या कंपाइलरच्या ११व्या आवृत्तीपासून तीच न सांगता वापरली जाते. प्रत्येक .सी फाइलच्या कंपाइलची एक स्वतंत्र नोंद असते. तिच्यात फाइलचं नाव, कंपाइल करताना आपण ज्या डिरेक्टरीत होतो ती डिरेक्टरी, आणि लाइन टेबल कुठे आहे याचा निर्देश असतो. लाइन टेबल .डीबग_लाइन या विभागात असतं.

समजा पावती.सी मधल्या निव्वळ वजनाच्या फंक्शनची सुरुवात ४१व्या ओळीवर आहे, ४२वर वजाबाकी, ४३वर "उत्तर उणे आलं का" ही तपासणी, ४४वर उत्तर शून्य करणं, ४५वर रिटर्न आणि ४६वर शेवटचा महिरपी कंस. -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) देऊन ६४-बिट इंटेल मशीनवर कंपाइल केलं, तर टेबल साधारण असं दिसेल (पत्ते हेक्समध्ये):

११४९ – ओळ ४१
११५७ – ओळ ४२
११६० – ओळ ४३
११६६ – ओळ ४४
११६डी – ओळ ४५
११७० – ओळ ४६
११७२ – समाप्त

प्रत्येक पत्त्याला वेगळी नोंद नाही, हे लक्षात घ्या. प्रोग्राम ११६४ या पत्त्यावर थांबला, तर डीबगर त्या पत्त्याइतकी किंवा त्याच्या आधीची सगळ्यात जवळची नोंद धरतो. ती ११६० ची, म्हणजे ओळ ४३. शेवटची "समाप्त" ही नोंदही कामाची आहे. ती नसती तर फंक्शननंतरची सगळी जागा ४६व्या ओळीच्या नावावर गेली असती.

फाइलमध्ये हे टेबल असं मांडून ठेवलेलं नसतं. तसं ठेवलं तर फार जागा जाईल. त्याऐवजी "पत्ता इतक्याने पुढे, ओळ इतक्याने पुढे, आता एक नोंद कर" अशा सूचनांची मालिका असते. बहुतेक नोंदी एकेका बाइटमध्ये बसतात. डीबगर त्या सूचना चालवून टेबल पुन्हा उभं करतो. तुम्हाला ते डोळ्यांनी बघायचं असेल, तर "रीडएल्फ --डीबग-डंप=डीकोडेडलाइन काटा" चालवा. एकदा तरी जरूर बघा. त्यानंतर डीबगरच्या बऱ्याच वागण्याचं कोडं आपोआप सुटतं.

ओळ क्रमांक मिळाला की डीबगर फाइल उघडतो, प्रत्येक ओळ कितव्या बाइटला सुरू होते याची यादी करतो आणि हव्या त्या ओळी छापतो.

ब्रेकपॉइंट फंक्शनच्या नावावर लावला, तरी तो पहिल्या ओळीवर न थांबता पुढच्या ओळीवर का थांबतो?

फंक्शनच्या सुरुवातीच्या काही सूचना फक्त तयारीच्या असतात: स्टॅकवर जागा करणं, आर्ग्युमेंट त्यांच्या जागी ठेवणं. वरच्या टेबलात ११४९ ते ११५७ हा भाग तोच आहे. तिथेच थांबवलं तर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन अजून जागेवर पोचलेलंच नसतं आणि "प्रिंट" केल्यावर कचरा आकडे दिसतात. म्हणून जीडीबी तो भाग ओलांडून ११५७ वर, म्हणजे ४२व्या ओळीवर थांबतो. अगदी पहिल्या सूचनेवरच थांबायचं असेल, तर फंक्शनच्या नावाआधी तारा टाकून "ब्रेक *निव्वळ" असं द्या.

कंपाइल करताना नेमके कोणते पर्याय द्यावेत?

शिकताना आणि चूक शोधताना -जी आणि -ओ०. थोडा वेग हवा, पण डीबगही करायचं आहे, तर -जी आणि -ओजी. मॅक्रोंची नावं डीबगरमध्ये वापरायची असतील तर -जी३. सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर बिल्ड टाइप "डीबग" ठेवा. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डसाठी "रेलविथडेबइन्फो" चांगला, त्यात -ओ२ आणि -जी दोन्ही येतात.

-जी मुळे प्रोग्राम हळू चालतो हा समज चुकीचा आहे. डीबगच्या नोंदींचे विभाग प्रोग्राम चालताना मेमरीत चढवले जात नाहीत. वाढते ती फक्त डिस्कवरची फाइल.

-जी देऊनही नोंदी नसतील, तर दोन जागा तपासा. मेकफाइलमध्ये लिंक करताना -एस दिला आहे का? तो सगळं सिंबल टेबल काढून टाकतो. किंवा इन्स्टॉलच्या पायरीत "स्ट्रिप" (नोंदी काढून टाकणारी कमांड) चालतं का? "फाइल काटा" ही कमांड शेवटी "विथ डीबग इन्फो, नॉट स्ट्रिप्ड" असं सांगते की नाही, ते बघितलं की लगेच कळतं.

"नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असं येतं. फाइल तर माझ्यासमोर आहे!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून याचं उत्तर सावकाश.

डीबगर फाइल तुमच्यासमोर शोधत नाही, बिल्डच्या दिवशी ती जिथे होती तिथे शोधतो. ऑफिसात /होम/बिल्ड/काटा इथे बिल्ड झालेला प्रोग्राम तुम्ही कारखान्यात नेला आणि सोर्स /ऑप्ट/सोर्स/काटा इथे ठेवला, तरी नोंदीत जुनाच रस्ता आहे. आधी जीडीबीला काय माहीत आहे ते विचारा:

१. प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर थांबू द्या, किंवा "लिस्ट निव्वळ" द्या. एरर आली तरी चालेल.
२. "इन्फो सोर्स" द्या. त्यात सध्याच्या सोर्स फाइलचं नाव आणि कंपाइलची डिरेक्टरी दिसेल. हे दोन्ही कागदावर उतरवून घ्या.
३. तुमच्याकडे ती फाइल प्रत्यक्षात कुठे आहे, ते दुसऱ्या टर्मिनलवर बघा. दोन्ही रस्त्यांचा सुरुवातीचा किती भाग वेगळा आहे, ते ठरवा.
४. तेवढाच भाग बदला: "सेट सबस्टिट्यूट-पाथ /होम/बिल्ड/काटा /ऑप्ट/सोर्स/काटा".
५. पुन्हा "लिस्ट".

चौथ्या पायरीतल्या कमांडचे नियम कडक आहेत. बदल फक्त रस्त्याच्या सुरुवातीला लागतो, मधल्या भागाला नाही. तोही पूर्ण डिरेक्टरीच्या नावापर्यंत जुळला तरच. /होम/बिल्ड/काटा हा नियम /होम/बिल्ड/काटा/सोर्स ला लागतो, /होम/बिल्ड/काटा२ ला लागत नाही. अनेक नियम दिले असतील तर पहिला जुळणारा वापरला जातो. लावलेले नियम "शो सबस्टिट्यूट-पाथ" ने दिसतात.

आणखी एक मेख: अक्षरं लहान-मोठी असतील, किंवा रस्त्यात सिंबॉलिक लिंक असेल, तर तुम्हाला "तोच" वाटणारा रस्ता नोंदीत वेगळा असतो. म्हणूनच अंदाजाने न टाइप करता "इन्फो सोर्स" मधून कॉपी करा.

रोजचंच काम असेल तर ही ओळ होम डिरेक्टरीतल्या .जीडीबीइनिट मध्ये टाका. प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत वेगळी .जीडीबीइनिट ठेवली, तर जीडीबी सुरक्षेसाठी ती आपोआप वाचायला नकार देतो. तिचा रस्ता "ऑटो-लोड सेफ-पाथ" मध्ये घालावा लागतो.

"डिरेक्टरी" कमांडने हेच काम होत नाही का?

होतं, पण जपून. "डिरेक्टरी /ऑप्ट/सोर्स/काटा" दिलं की ती जागा शोधायच्या यादीत सगळ्यात पुढे बसते. यादीत मुळात दोनच गोष्टी असतात: कंपाइलची डिरेक्टरी आणि जीडीबीची सध्याची डिरेक्टरी. "शो डिरेक्टरीज" ने ती यादी दिसते.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली, जीडीबी दिलेल्या डिरेक्टरीच्या आतल्या उपडिरेक्टऱ्या स्वतःहून धुंडाळत नाही. प्रत्येक वेगळी सांगावी लागते. दुसरी जास्त धोक्याची. पूर्ण रस्त्याने फाइल सापडली नाही, की शेवटी नुसत्या नावाने शोध होतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये सीरियल/यूटिल.सी आणि छपाई/यूटिल.सी अशा दोन फाइली असतील, तर यादीत जी आधी येईल ती उघडते. एरर येत नाही, इशारा येत नाही. समोर दिसणारा कोड दुसऱ्याच फाइलचा असतो आणि माणूस तासन्‌तास चुकीच्या ओळी वाचत बसतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: एका डिरेक्टरीचा छोटा प्रोजेक्ट असेल तर "डिरेक्टरी", त्याहून मोठा असेल तर "सबस्टिट्यूट-पाथ".

फाइल दिसते, पण ओळ चुकीची. ब्रेकपॉइंट कॉमेंटवर नाहीतर रिकाम्या ओळीवर थांबतो. का?

बिल्ड झाल्यानंतर सोर्स बदलला आहे. वर दोन ओळींची कॉमेंट टाकली की खालचं सगळं दोन ओळींनी सरकतं, पण टेबलात जुनेच आकडे राहतात. डीबगर ४३वी ओळ दाखवतो, तिथे आता काय आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं.

"सोर्स फाइल इज मोअर रीसेंट दॅन एक्झिक्युटेबल" हा इशारा याचसाठी असतो. पण जीडीबी फक्त दोन्ही फाइलींच्या बदलाची वेळ ताडून बघतो, मजकूर नाही. त्यामुळे हा इशारा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. गिटमधून जुनी आवृत्ती आत्ता चेकआउट केली, तर फाइलींना आत्ताची वेळ लागते आणि सगळं बरोबर असताना इशारा येतो. उलट, बदललेली फाइल "सीपी -पी" किंवा टार वापरून जुन्या वेळेसकट आणली, तर गडबड असूनही इशारा येत नाही.

खात्रीचा उपाय एकच: प्रोग्राममध्ये गिट कमिटचा क्रमांक छापण्याची सोय ठेवा आणि डीबग करताना तोच कमिट "गिट वर्कट्री" ने वेगळ्या डिरेक्टरीत काढा. गळीत हंगामात गेटवर रांगेत ट्रॅक्टर उभे असताना कोणती आवृत्ती चालू आहे यावर वाद घालत बसायला वेळ नसतो.

डीबगर चालू असतानाच मी सोर्स बदलला तर?

जीडीबी एकदा वाचलेली फाइल लक्षात ठेवतो. त्यामुळे तुम्ही सेव्ह केलेला बदल लगेच दिसेलच असं नाही. ही लक्षात ठेवलेली माहिती "डिरेक्टरी" कमांडने पुसली जाते. पण नुसती वाचायची फाइल नवी करून काय उपयोग? प्रोग्राम जुनाच आहे. दुसऱ्या टर्मिनलवर "मेक" करा आणि जीडीबीतून बाहेर न पडता पुन्हा "रन" द्या. एक्झिक्युटेबल बदललेली पाहून तो नोंदी नव्याने वाचतो, ब्रेकपॉइंटही टिकतात. मात्र ओळ क्रमांकावर लावलेला ब्रेकपॉइंट भलत्या ओळीवर जाऊ शकतो. फंक्शनच्या नावावर लावलेला शाबूत राहतो.

"लिस्ट" दहाच ओळी का दाखवतं?

ती मूळ सेटिंग आहे. "सेट लिस्टसाइझ २५" ने वाढवा. पुन्हा "लिस्ट" दिलं की पुढच्या ओळी येतात, "लिस्ट -" ने आधीच्या. "लिस्ट पावती.सी:४३" दिलं तर ४३वी ओळ मधोमध धरून दाखवतो. फिरत फिरत लांब गेलात आणि थांबलेल्या जागी परतायचं असेल, तर "फ्रेम" द्या. सतत कोड समोर हवा असेल तर "लेआउट सोर्स" (टाइप करताना लेआउट एसआरसी). स्क्रीन विस्कटली तर कंट्रोल-एल.

-ओ२ ने बिल्ड केल्यावर "नेक्स्ट" दिलं की ओळ पुढे-मागे उड्या मारते. डीबगर बिघडला का?

नाही, तो खरं तेच सांगतोय. ऑप्टिमायझर सूचनांचा क्रम बदलतो: ४५व्या ओळीतलं काही काम ४२च्या आधी उरकतो, लूपमधली न बदलणारी गोष्ट बाहेर काढतो, लहान फंक्शन बोलावण्याच्या जागीच घुसवतो. टेबलातली प्रत्येक सूचना आपापल्या मूळ ओळीकडे बोट दाखवते, म्हणून उड्या दिसतात. काही सूचनांना तर ओळ ०ची नोंद असते. याचा अर्थ, ही कंपाइलरने स्वतः घातली, सोर्समध्ये तिला जागा नाही. चूक -ओ० मध्येही येत असेल तर तिथेच शोधा. फक्त -ओ२ मध्ये येत असेल, तर न भरलेलं व्हेरिएबल किंवा ॲरेच्या बाहेर लिहिणं, हा संशय पहिला घ्या.

एका ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, तर "३ लोकेशन्स" असं का म्हणतो?

एका ओळीचा मशीन कोड तीन जागी आहे. सी++ चं टेम्प्लेट तीन प्रकारांसाठी वापरलं, किंवा इनलाइन फंक्शन तीन ठिकाणी घुसलं, की असं होतं. "इन्फो ब्रेकपॉइंट्स" मध्ये १.१, १.२, १.३ असे दिसतात. नको ते "डिसेबल १.२" ने बंद करा.

बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) वर "../सिसडेप्स/..." असलं काहीतरी येतं आणि फाइल सापडत नाही म्हणतो. लिनक्स नीट इन्स्टॉल झालं नाही का?

इन्स्टॉल ठीक आहे. प्रोग्राम असर्ट किंवा अबॉर्टने पडला, की थांबण्याची जागा सी लायब्ररीच्या आत असते. ती लायब्ररी डिस्ट्रिब्यूशन बनवणाऱ्यांच्या मशीनवर बिल्ड झाली, तिचा सोर्स तुमच्याकडे नाही. हा तुमच्या चुकीशी संबंधित संदेश नव्हे. "बीटी" देऊन पहिली तुमच्या फाइलची फ्रेम शोधा, समजा ती ४ नंबरची आहे, आणि "फ्रेम ४" द्या. तिथे तुमचा कोड दिसेल.

लायब्ररीचा सोर्सही बघायचा असेल तर डीबगइन्फोडी ही सोय आहे. जीडीबी १० पासून ती जोडलेली आहे. डिस्ट्रिब्यूशनच्या सर्व्हरवरून नोंदी आणि सोर्स, दोन्ही लागतील तसे उतरवले जातात. नेट मात्र हवं.

ग्राहकाला स्ट्रिप केलेली फाइल देतो. नंतर तिथला क्रॅश ओळीपर्यंत कसा न्यायचा?

नोंदी फेकून देऊ नका, वेगळ्या काढून ठेवा. क्रम असा:

१. "ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग काटा काटा.डीबग"
२. "स्ट्रिप -जी काटा"
३. "ऑब्जकॉपी --ॲड-जीएनयू-डीबगलिंक=काटा.डीबग काटा"

तिसरी पायरी एक्झिक्युटेबलमध्ये डीबग फाइलचं नाव आणि सीआरसी (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) लिहून ठेवते. जीडीबी ती फाइल एक्झिक्युटेबलशेजारी, तिथल्या .डीबग उपडिरेक्टरीत आणि /यूएसआर/लिब/डीबग खाली शोधतो. सीआरसी जुळला नाही तर ती वापरत नाही.

याहून पक्की खूण म्हणजे बिल्ड आयडी. बहुतेक डिस्ट्रिब्यूशनवर लिंकर तो आपोआप घालतो, सहसा २० बाइटचा, म्हणजे ४० हेक्स अंकांचा. "रीडएल्फ -एन काटा" ने दिसतो. डीबग फाइल /यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी खाली ठेवताना पहिले दोन अंक डिरेक्टरीचं नाव होतात, उरलेले ३८ फाइलचं नाव. दुसऱ्या दिवशी त्याच सोर्सवरून "तसाच" बिल्ड करून काम भागवू नका. कंपाइलरची आवृत्ती किंवा एखादा पर्याय बदलला तरी पत्ते सरकतात आणि ओळी खोट्या निघतात. दिलेल्या प्रत्येक बिल्डची .डीबग फाइल जपून ठेवणं, हे त्या बिल्डच्या पावतीची स्थळप्रत ठेवण्यासारखं आहे.

लॉगमध्ये फक्त एक पत्ता मिळाला आहे. त्यावरून ओळ निघेल?

निघेल. "ॲडर२लाइन -ई काटा.डीबग -एफ -आय ११६०" दिलं की फंक्शनचं नाव आणि पावती.सी:४३ असं उत्तर येतं. -आय मुळे इनलाइन झालेली साखळीही दिसते.

पण हल्लीचे प्रोग्राम मेमरीत कुठेही चढू शकतील असे बिल्ड होतात. त्यामुळे लॉगमधला पत्ता ५५५५५५५५५१६० असा लांबलचक असतो. तो तसाच दिला तर फक्त दोन प्रश्नचिन्हं मिळतात. प्रोग्राम कुठून सुरू झाला तो पत्ता वजा करायचा. तो मिळतो /प्रॉक खालच्या "मॅप्स" फाइलमध्ये, त्या एक्झिक्युटेबलच्या पहिल्या, शून्य ऑफसेटच्या नोंदीत. इथे तो ५५५५५५५५४००० असेल तर वजाबाकी ११६०. प्रोग्राम पडल्यावर ती फाइलही जाते, म्हणून तुमच्या क्रॅश हँडलरमध्ये ती आधीच लॉगला लिहून घ्या.

अजून एक बारकावा. बॅकट्रेसमधले बोलावणाऱ्या फंक्शनांचे पत्ते हे परतण्याचे पत्ते असतात, म्हणजे कॉलच्या *पुढच्या* सूचनेचे. कॉल ही त्या ओळीची शेवटची सूचना असेल, तर पत्ता पुढच्या ओळीत पडतो आणि ओळ एकाने चुकते. जीडीबी यासाठी स्वतःच एक वजा करून शोधतो. ॲडर२लाइन करत नाही, ते तुम्ही करायचं. ज्या पत्त्यावर प्रत्यक्ष क्रॅश झाला, त्यातून मात्र वजा करू नका.

बायसन किंवा फ्लेक्स (नियमांवरून सी कोड तयार करणारी साधनं) वापरल्यावर डीबगर .सी ऐवजी .वाय फाइल दाखवतो. हे कसं?

तयार झालेल्या .सी फाइलमध्ये "#लाइन" या सूचना असतात. त्या कंपाइलरला सांगतात, की इथून पुढचा कोड या फाइलच्या या ओळीचा समज. टेबलात तेच जातं. तयार झालेला कोडच बघायचा असेल, तर बायसनला -एल देऊन या सूचना बंद करा.

डॉकरमध्ये बिल्ड, बाहेर व्हीएस कोड. ब्रेकपॉइंट पोकळ राखाडी राहतो.

कंटेनरमध्ये सोर्स /ॲप इथे, बाहेर तुमच्या होममध्ये. व्हीएस कोडच्या लाँच.जेसन या सेटिंगच्या फाइलमध्ये "सोर्सफाइलमॅप" लिहून पहिल्या रस्त्याची दुसऱ्याशी जोडी लावा. दर वेळी हे नको असेल, तर बिल्ड करतानाच -एफडीबग-प्रीफिक्स-मॅप देऊन नोंदीतला रस्ता बदला.

ग्राहकाला -जी ची फाइल दिली तर कोड उघडा पडतो का?

कोड नाही, पण फंक्शनांची, व्हेरिएबलांची, स्ट्रक्चरांची नावं आणि तुमच्या मशीनवरचे पूर्ण रस्ते दिसतात. रस्त्यात युजरनेम असतं, कधी दुसऱ्या ग्राहकाच्या नावाची डिरेक्टरीही असते. वर सांगितल्याप्रमाणे नोंदी वेगळ्या काढा. जीसीसी ८ पासूनचा -एफफाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय नोंदींसोबत "__फाइल__" मॅक्रोतले रस्तेही बदलतो. असर्टच्या संदेशांतून रस्ता बाहेर जातो तो याच मॅक्रोमुळे, आणि नुसत्या स्ट्रिपने तो जात नाही.

सोर्समधल्या मराठी कॉमेंट नीट दिसत नाहीत.

सोर्सचे बाइट डीबगर जसेच्या तसे टर्मिनलला देतो. टर्मिनल आणि लोकेल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असायला हवेत. स्ट्रिंग "प्रिंट" केल्यावर "न" च्या जागी \३४०\२४४\२५० असे तीन आकडे दिसले, तर ते त्याच अक्षराचे तीन बाइट अष्टमान पद्धतीत आहेत. लोकेल "सी" असताना असं होतं. जीडीबी सुरू करण्याआधी लोकेल बदला. नाहीतर "सेट होस्ट-कॅरसेट यूटीएफ-८" आणि "सेट टार्गेट-कॅरसेट यूटीएफ-८" द्या.

जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, विंडोज यांच्यात काय वेगळं आहे?

जावाच्या क्लास फाइलमध्ये सोर्स फाइलचं नुसतं नाव असतं, डिरेक्टरी नसते. ती पॅकेजच्या नावावरून ठरते. जेडीबी या जावाच्या डीबगरला -सोर्सपाथ मध्ये पॅकेजच्या *वरची* डिरेक्टरी द्यायची, इथेच बहुतेकांची गफलत होते. -जी न देता जावासी (जावाचा कंपाइलर) चालवलं तरी ओळ क्रमांक असतात, लोकल व्हेरिएबल नसतात.

पायथन कोडबरोबर फाइलचा रस्ता ठेवतो आणि मजकूर दाखवायच्या वेळी डिस्कवरून वाचतो. म्हणून सर्व्हर चालू असताना .पाय फाइल बदलली, तर ट्रेसबॅकमध्ये जुन्या क्रमांकापुढे नवा मजकूर छापला जातो. ट्रेसबॅकमधली ओळ निरर्थक वाटली, तर आधी सर्व्हर रीस्टार्ट झाला होता का ते बघा.

जावास्क्रिप्टमध्ये हे काम सोर्स मॅप करतो. त्यात "सोर्सेसकंटेंट" भरलेलं असेल तर मूळ मजकूर मॅपमध्येच असतो आणि फाइल नसली तरी दिसतो. हीच फाइल चुकून सार्वजनिक सर्व्हरवर गेली, तर मूळ कोडही सगळ्यांना दिसतो.

विंडोजवर नोंदी पीडीबी फाइलमध्ये असतात आणि प्रत्येक सोर्स फाइलचा चेकसमही तिथे असतो. त्यामुळे व्हिज्युअल स्टुडिओ वेळ नव्हे, मजकूर ताडतो आणि बदललेली फाइल सरळ नाकारतो. ही तपासणी सेटिंगमधून बंद करता येते. करू नका, बरोबर आवृत्ती शोधा.

मॅकवर साधा बिल्ड केला तर ड्वार्फ नोंदी .ओ फाइलींतच राहतात. "मेक क्लीन" केलं की त्या गेल्या. आधी "डीसिमयुटिल" चालवून .डीसिम तयार करून ठेवा.

सोर्स कुठेच मिळत नाही. मग काहीच करता येत नाही का?

नोंदी असतील तर ओळ क्रमांक, व्हेरिएबल, बॅकट्रेस सगळं चालतं. फक्त मजकूर दिसत नाही. नोंदीही नसतील तर "लेआउट एएसएम" लावा, "स्टेपआय" ने एकेक सूचना पुढे जा आणि "एक्स/५आय $पीसी" ने पुढच्या पाच सूचना बघा. "स्टेप" मात्र अशा फंक्शनमध्ये शिरत नाही, कारण तिथे ओळींच्या नोंदी नाहीत म्हणून जीडीबी ते पूर्ण ओलांडून परततो. इंडिकेटर बनवणाऱ्याने दिलेल्या तयार लायब्ररीत शिरायचं असेल, तर आधी "सेट स्टेप-मोड ऑन" द्या, मग "स्टेप" तिच्या पहिल्याच सूचनेवर थांबेल.